वारावर जेवणाऱ्यांची नातवंडे

धार म्हटले की आपल्याला भोजराजा आठवतो आणि देवास म्हटले की कुमार गंधर्व. सीमाभागातील मराठी घरांना देवास जरा अधिकच जवळचे, कारण कुमारांचा जन्म आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा, ८ एप्रिल १९२४ चा. क्षयाने गाठले तेव्हा, १९४८ साली, माळव्याच्या कोरड्या हवेसाठी ते देवासला गेले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी देह ठेवीपर्यंत तिथलेच होऊन राहिले. आमच्या घराचा देवासशी संबंध त्याहून साधा आहे. माझ्या आत्याचे सासर तिथले. त्यामुळे कानडी-मराठी बोलीतून उठून माळवी-मराठी बोलीत जाऊन बसण्याचा योग मला लहानपणापासून येत गेला; आणि पुढे इतिहासाचा मास्तर झाल्यावर धार आणि देवास ही पवारांची दोन्ही गावे माझ्या हक्काची झाली.

या लेखाचा विषय मात्र ना गाणे आहे, ना पवारांच्या तलवारी. विषय आहे कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींचे वाढणारे वजन, आणि ते वाढू नये म्हणून त्यांना काय व कसे शिकवावे हा. चकली-करंजीच्या ताटाशेजारी ठेवून वाचायच्या अंकात हा विषय आणल्याबद्दल गृहिणी रागावतील, याची कल्पना आहे. पण हा विषय जितका डॉक्टरांचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे, असे माझे मत होत चालले आहे. ते का, हेच सांगायचे आहे.

आत्याची पणती देवासहून इंदूरला शिकायला गेली. अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटरचे, पण सकाळच्या तासांमुळे वसतिगृहात राहायचे ठरले. पहिल्या वर्षाअखेर तिचे वजन पाच किलोंनी वाढले होते. गेल्या खेपेस मी देवासला गेलो तेव्हा ती गच्चीवर माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, मी घरी आले की आजी म्हणते, किती गं वाळलीस! आणि त्याच दिवशी काकू म्हणते, किती गं सुटलीस! मी तर एकच असते हो." मी हसलो. ती हसली नाही. जरा वेळाने म्हणाली, "या दिवाळीला मी घरी येणारच नव्हते. परीक्षेचं कारण सांगणार होते."

देवास हे एकाच गावात दोन राज्ये नांदलेले संस्थान. थोरली पाती आणि धाकटी पाती; राजे दोन, दरबार दोन, रस्ता मात्र एक. त्या मुलीच्या घरातही तसेच दोन दरबार भरत होते. आजीच्या राज्यात ती अजून उपाशी होती, काकूच्या राज्यात ती लठ्ठ झाली होती. यातला थोरल्या पातीचा, म्हणजे आजीचा, कायदा कुठून आला हे समजल्याशिवाय या मुलांना आपण काहीही शिकवू शकणार नाही.

आपल्या इतिहासातला विद्यार्थी हा भुकेला विद्यार्थी आहे. आजच्या मुलांना 'वार लावून जेवणे' म्हणजे काय ते सांगावे लागते. गरीब मुलगा शिकण्यासाठी पुण्या-साताऱ्याला किंवा सांगली-मिरजेला येई, आणि सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी असे सात दिवसांचे सात उंबरे ठरवून जेवी. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी माधुकरी किंवा एकादशी. ही सोयही बहुतेक ब्राह्मणांच्या मुलांपुरतीच होती, हेही सांगितले पाहिजे. बाकीच्यांना तो उंबराही नव्हता. म्हणून तर राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली. त्यांचीच कन्या देवासच्या थोरल्या पातीत तुकोजीराव पवारांना दिली होती. १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्याला वसतिगृह काढले. तिथल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. त्या काळच्या वसतिगृहापुढे प्रश्न एकच असे : उद्याची भाकरी कुठून आणायची?

विद्यार्थ्याचे शरीर हा त्या काळीही चिंतेचा विषय होताच, पण उलट्या दिशेने. सतरा वर्षांचे धोंडो केशव कर्वे मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला परीक्षेसाठी गेले, आणि वयाने फार लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. टिळक १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा प्रकृतीने इतके अशक्त होते, की पहिले वर्ष त्यांनी पुस्तकांपेक्षा तालमीला आणि पोहण्याला अधिक दिले. परीक्षेत त्याचा फटका बसला, पण शरीर कमावले. मराठीत विद्यार्थ्याच्या प्रकृतीची सर्वांत जास्त वेळा सांगितली गेलेली गोष्ट कोणती, तर हीच. तिचे तात्पर्य एकच : अंग भरले पाहिजे.

त्यात क्षयाची भर पडली. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामांची नावे आपल्या भागातल्या जुन्या माणसांना अजून आठवतात. औषध निघण्यापूर्वी क्षयावर उपाय होते ते विश्रांती, मोकळी हवा आणि पौष्टिक अन्न. आणि रोगी सुधारतो आहे की नाही हे पाहायचे ते वजनाच्या काट्यावर. घरी येणाऱ्या पत्रात 'वजन वाढले' हे दोन शब्द असले की घरातली माणसे देवापुढे साखर ठेवीत. कुमार गंधर्व देवासला गेले तेव्हा देशभरातल्या किती घरांत अशा पत्रांची वाट पाहिली जात असेल! आपल्या भाषेने हे सारे जपून ठेवले आहे. 'खात्यापित्या घरचा', 'बाळसे धरले', 'अंगाने भरली', 'तेज आले' हे सगळे कौतुकाचे शब्द. 'हडकला', 'खंगला', 'गालफडे बसली' हे सगळे काळजीचे. आपल्याकडची कानडी शेजारीणसुद्धा दारातून पहिला प्रश्न विचारते तो 'ऊट आतेन्री?' हाच. देवासची आजी त्या मुलीला 'वाळलीस' म्हणते ते तिच्याकडे पाहून म्हणत नाही. ती आपल्या वडिलांच्या पिढीकडे पाहून म्हणते.

व्यायामाचा इतिहासही याच भुकेच्या पोटी जन्मला, आणि त्याचे एक टोक धारला आहे. धारच्या किल्ल्यात जानेवारी १७७५ मध्ये आनंदीबाईंच्या पोटी एक मुलगा जन्मला. तोच पुढे दुसरा बाजीराव. पेशवा म्हणून त्याने काय केले याबद्दल आपण त्याला कधी क्षमा केलेली नाही, करूही नये. पण त्याचे व्यायामगुरू बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांब पुन्हा उभा केला, आणि तिथून तो गावोगावच्या आखाड्यांत गेला. १९१४ मध्ये अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला, तो वाढत वाढत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला आणि १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ करून दाखवले. ज्या माळव्यात बाजीराव जन्मला, त्या मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांब हा राज्याचा खेळ ठरवला. वर्तुळ असे पूर्ण झाले.

या साऱ्या परंपरेत व्यायामाबरोबर खुराक हा शब्द जोडलेला आहे. दूध, तूप, बदाम, थंडाई. कोल्हापूर-बेळगावकडच्या वाचकांना मी काय सांगावे? जोर-बैठका हजारांत असत, म्हणून खुराकही शेरात पचे. आणि आपण सर्वांनी हेही पाहिले आहे, की ज्या पैलवानाची तालीम सुटली पण खुराक सुटला नाही, त्याचे चाळिशीत काय झाले. मला वाटते, गेल्या पन्नास वर्षांत आपल्या साऱ्या समाजाची गोष्ट या एका वाक्यात मावेल : तालीम सुटली, खुराक राहिला.

पूर्वी असा बिनतालमीचा खुराक फक्त राजवाड्यात परवडे. इ. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार १९१२ च्या अखेरीस प्रथम देवासला आले आणि पुढे १९२१ मध्ये काही महिने तुकोजीराव महाराजांचे खासगी सचिव होते. त्यांचे 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक १९५३ मध्ये निघाले. तिथल्या एका मेजवानीत पुढे आलेल्या ताटाचे वर्णन त्यांनी पदार्थांना आकडे घालून केले आहे. भाताचेच तीन ढीग : एक साधा, एक डाळमसाल्याचा, एक साखर-मनुकांचा, शिवाय गोडाचे प्रकार वेगळे. परक्या माणसाला ते ताट इतके अद्भुत वाटले की त्याने ते जवळजवळ नकाशासारखे टिपून ठेवले. आज इंदूरच्या कुठल्याही विद्यार्थ्याला तसे ताट रोज मिळू शकते. सकाळी पोहे-जिलेबी, वरून शेव. रविवारी दाल-बाफले तुपात बुडवून. आणि रात्री सराफ्यात सोन्याची दुकाने मिटली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर मध्यरात्रीपर्यंत चालणारा खाण्याचा बाजार. पायऱ्या उतरायचाही कंटाळा असेल तर मोबाइलवर बोट ठेवले की राजाचे ताट खोलीच्या दारात. राजवाड्याची मेजवानी वारावर जेवणाऱ्याच्या नातवंडापर्यंत पोचली, ही खरे तर आनंदाची गोष्ट आहे. अडचण एवढीच, की त्या नातवंडाचे शरीर अजून वारावरच आहे.

हे अलंकारिक बोलणे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास १९९३ पासून केला. तिथली बाळे जन्मताना सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडातली ३.५ किलोंची. पण आपली बाळे हाडा-मांसाने बारीक असली तरी चरबीच्या बाबतीत तितकी बारीक नव्हती. उपाशी गर्भाने जणू सर्वांत आधी शिदोरीच बांधून घेतली होती. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आले. त्यात स्वतः याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी प्रा. युडकिन शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, दोघांचाही निर्देशांक २२.३. शरीरातली चरबी मात्र इंग्रज प्राध्यापकाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून लठ्ठ. म्हणूनच २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी मापे वेगळी सुचवली : उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गाने वजनाला भागले, आणि उत्तर २३ च्या पुढे गेले, तर वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा. पुरुषांची कंबर ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली तरी सावध व्हावे.

याचा अर्थ असा, की परदेशातल्या मुलाला जे पाच किलो पचतील ते आपल्या मुलाला पचतीलच असे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात सुमारे दहा कोटी दहा लाख मधुमेही आणि आणखी साडेतेरा कोटींवर उंबरठ्यावर उभे असल्याचा अंदाज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ मध्ये १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी साडेबारा टक्क्यांच्या आसपास वजन जास्त असलेल्या होत्या. २०१९-२१ मध्ये त्या २४ टक्के झाल्या. पुरुष ९ वरून २३ टक्क्यांवर गेले. आणि त्याच पाहणीत १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष अजून हडकुळे आहेत. दोन्ही पात्या एकाच गावात! ज्या धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोकवस्ती आदिवासी आहे, तिथल्या महाविद्यालयाच्या एकाच बाकावर एक मुलगा असा बसलेला असतो ज्याला अजून पुरेसे मिळत नाही, आणि दुसरा असा ज्याला नको तितके मिळते. शिकवणाऱ्याने हे विसरून चालणार नाही.

आता कॉलेजात नेमके काय होते ते पाहू. अमेरिकेत एक समजूत आहे की पहिल्या वर्षी विद्यार्थ्याचे वजन पंधरा पौंडांनी, म्हणजे सुमारे पावणेसात किलोंनी वाढते. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सरासरी वाढ निघाली साधारण पाच महिन्यांत १.३६ किलो. पण शंभरांतल्या साठांचे वजन वाढलेले होते, आणि त्या साठांची सरासरी वाढ ३.४ किलोंच्या घरात होती. म्हणजे भीती दाखवायला सांगितला जाणारा आकडा खोटा. पण हळूहळू चढणारा काटा खरा.

मास्तरकीच्या सवयीने मी त्याचे गणित मांडून पाहिले. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी धरल्या, तर १.३६ किलो म्हणजे दहा हजार पाचशेच्या जवळपास. पाच महिन्यांचे दीडशे दिवस. दिवसाला हिशेब येतो ७० कॅलरींचा. सत्तर कॅलरी म्हणजे काय? साखर घातलेला एक कप चहा! राजवाड्याची मेजवानी नव्हे, नुसता एक जादा चहा. दुसऱ्या बाजूने पाहिले तर अर्ध्या तासाचे चालणे. घर ते बसथांबा, बसथांबा ते कॉलेज एवढे चालणे वसतिगृहात गेल्यावर थांबते, आणि रात्री जागरणाबरोबर एक चहा वाढतो. एवढ्यावर सारा खेळ. शरीर काही हिशेबाच्या वहीसारखे चालत नाही हे खरे, पण वहीतून दिशा तरी कळते. या मुलांचा दिवस बदलतो. दिवस बदलला की शरीर बदलते. त्यात त्यांचा हावरटपणा शोधण्याचे कारण नाही.

आणि 'दिवस' हा शब्द आला की पुन्हा धारला जावे लागते. भोजराजाने (सुमारे १०१० ते १०५५) धारेतून राज्य केले. त्याच्या नावावर अनेक ग्रंथ आहेत. योगसूत्रांवरील 'राजमार्तंड' ही वृत्ती अभ्यासकांना माहीत असते. पण त्याच्याच नावावर 'चारुचर्या' नावाचा एक लहान ग्रंथही सांगितला जातो. विषय काय, तर माणसाने दिवस कसा घालवावा. दात कसे घासावे, स्नान कसे करावे, काय ल्यावे, काय खावे, कसे झोपावे. ज्या राजाच्या पदरी काव्यशास्त्राचे दिग्गज होते, त्याच्या नावे दात घासण्याचेही शास्त्र लिहिले गेले, ही मला त्याच्या थोरवीची खूण वाटते. आपण आरोग्याचा विचार करतो तो औषधाने किंवा व्याख्यानाने. जुन्या लोकांनी तो दिनचर्येने केला.

चरकसंहितेत तर निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांना शेजारी बसवले आहे, आणि त्यांतले कृश परवडले असेही म्हटले आहे. कारणांत अतिखाणे, गोडधोड, दिवसाची झोप, व्यायामाचा अभाव ही आहेतच. पण बीजदोष, म्हणजे आनुवंशिकता, हेही कारण चरकाने सांगितले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला जे कळले, की सगळा दोष रोग्याचा नसतो, ते आमच्या घरच्या काकूंना अजून कळायचे आहे. उपचारात त्याने पोट भरेल पण पोसणार नाही असे जड अन्न सुचवले आणि सर्व बदल क्रमाक्रमाने करायला सांगितले. वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा म्हटले. जुने ते सगळे सोने असे मात्र मी म्हणणार नाही. चरकाने स्थूल माणसाला जागरणही सांगितले. आजचे शास्त्र सांगते की अपुऱ्या झोपेने भूक वाढते, आणि परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहातला कुणीही ते सांगेल.

मग शिकवायचे काय आणि कसे? इथे आपल्याच इतिहासातला एक प्रयोग उपयोगी पडतो. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला हे सर्वांना माहीत आहे. १९३८ मध्ये लंडनला त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले. पण त्यांचे खरे वैशिष्ट्य असे, की त्यांनी नमस्कार शाळेच्या वेळापत्रकात घातले, मुलींनाही घालायला लावले, आणि स्वतः राजा रोज घालीत असे. त्याला आखाडा लागत नाही, खुराक लागत नाही, लंगोट लागत नाही, चटईएवढी जागा पुरते. मल्लखांब दहा मुलांना येतो, नमस्कार शंभरांना. व्याख्यान देऊन त्यांनी मुलांना घरी पाठवले असते तर आज औंधचे नाव कुणी काढले नसते.

म्हणजे शिकवणे निरुपयोगी आहे असे नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठातला लहानसाच प्रयोग प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाच्या काही मुलींना पोषणशास्त्राचा एक अभ्यासक्रम शिकवला. हे खाऊ नका, ते खाऊ नका अशी यादी दिली नाही. खाल्लेल्या अन्नाचे शरीर काय करते ते शिकवले. ज्यांचे वजन आधीच जास्त होते त्यांचे वजन पुढे वर्षभर वाढले नाही. न शिकवलेल्या तशाच मुलींचे मात्र बरेच वाढले. तरुण माणसाला समजावून सांगितले तर समजते. लाजवले तर ते ताट झाकून खाते.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये महाविद्यालयांच्या आवारात चटकदार निकस खाणे विकू नये अशी सूचना काढली. २०१९ च्या क्रीडादिनी 'फिट इंडिया'ची शपथ झाली. परिपत्रके चांगलीच आहेत. पण परिपत्रक फाटकापर्यंत पोचते आणि वडापावची गाडी फाटकाबाहेर उभी असते. तिच्यावर राग नको. त्या गाडीवाल्याचीही मुले शिकतात. फाटकाच्या आत काय आहे, हा प्रश्न आहे. धारच्या महाराजा भोज महाविद्यालयात, देवासच्या कृष्णाजीराव पवार महाविद्यालयात, इंदूर-उज्जैनच्या विद्यापीठांत किंवा आपल्या बेळगावच्या कॉलेजांत, चार गोष्टी फारशा खर्चाशिवाय करता येतील असे मला वाटते.

पहिली, प्रवेशाच्या पहिल्या महिन्यात चार तास शरीर आणि अन्न यांचे शिकवावे, आणि त्यात याज्ञिकांचे ते छायाचित्र दाखवावे. म्हणजे हडकुळा आणि भरलेला दोघांनाही ते आपल्याबद्दल आहे हे कळेल. दुसरी, मेसमध्ये ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ आणि कच्ची कोशिंबीर ही गरिबाचे अन्न म्हणून नव्हे तर रोजचे अन्न म्हणून असावी, आणि मेस रात्री लवकर उघडावी. उशिरा उघडली की मधल्या वेळेत फरसाण जेवून होते. तिसरी, वेळापत्रकात अर्धा तास हालचालीचा असावा. चालणे, नमस्कार, कबड्डी, काहीही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे सांगते, ती यातून बहुतेक भरतील. मुलींसाठी मैदानाची वेगळी, सुरक्षित वेळ ठेवावी. नाहीतर मैदान हे नेहमी मुलांचेच राहते. चौथी, वजनाचा काटा दवाखान्यात पडद्याआड असावा. ज्याला पाहायचे त्याने पाहावे. सूचनाफलकावर कुणाचेही वजन लागू नये.

पाचवी गोष्ट कॉलेजाची नाही, आपली आहे. वारावर जेवणाऱ्या मुलाला सात घरांनी सांभाळले, पण त्या सात घरांनी त्याच्या अंगावर टीकाही करू नये असा एक अलिखित शिष्टाचार होता. भुकेल्याच्या हाडांकडे बोट दाखवणे असभ्य मानत. त्याच्या भरल्या अंगाच्या नातवंडांना तेवढा शिष्टाचार आपण द्यायला काय हरकत आहे? मी त्या मुलीला त्या संध्याकाळी उपदेश केला नाही. चहा नको म्हणाली, तर आग्रह केला नाही. "चल, टेकडीवर जाऊन येऊ," म्हटले, आणि आम्ही देवीच्या टेकडीच्या पायऱ्या चढलो. वाटेत ती आपल्या अभ्यासाबद्दल बोलत राहिली, मैत्रिणींबद्दल, मेसच्या पातळ आमटीबद्दल. मला तीन ठिकाणी थांबावे लागले, तिला एकदाही नाही. दिवाळीला ती घरी आली होती, असे नंतर आत्याच्या सुनेने फोनवर सांगितले.

या दिवाळीत तुमच्या घरीही पुण्याहून, बंगळुरूहून, इंदुराहून मुले येतील. दारात पाऊल ठेवताच त्यांना 'वाळलास' किंवा 'सुटलीस' यांपैकी काहीही म्हणू नये. करंजी द्यावी, एक द्यावी, दुसरीचा आग्रह धरू नये. आणि जेवण झाल्यावर त्यांच्याबरोबर गावाच्या वेशीपर्यंत चालून यावे. मुले बोलती होतात ती चालतानाच.